पुस्तक मिटून केलेली उजळणी

टेबलावर हाडं मांडून ठेवलेली असतात. परीक्षक त्यातलं एक उचलतात, समोरच्या विद्यार्थ्याच्या हातात देतात आणि विचारतात, "हे कुठल्या बाजूचं?" हाड गळ्याखालचं आहे. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत आडवं गेलेलं, वीतभरही लांब नसलेलं, इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं. क्लॅव्हिकल. उत्तर त्या हाडावरच आहे. चपटं टोक बाहेर खांद्याकडे धरायचं, जाड टोक आत, खोबण असलेली बाजू खाली आणि आतल्या दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे. असं धरलं की ते एकाच खांद्याला बसतं, दुसऱ्याला बसत नाही. विद्यार्थ्यानं हे आदल्या रात्री तीनदा वाचलेलं असतं, पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं असतं. तरी हाड हातात आल्यावर त्याला पान आठवतं, पानाचा कोपरा आठवतो, पिवळी पट्टी आठवते. पट्टीखालचे शब्द मात्र काही केल्या आठवत नाहीत.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा, म्हणजे 'व्हायवा', दिलेल्या प्रत्येकाला हा क्षण ठाऊक आहे. या मुलांनी अभ्यास केलेला नसतो असं नाही. उलट बहुतेकांनी जागरणं केलेली असतात. चुकते ती उजळणीची पद्धत, आणि ती नीट कशी करावी हे त्यांना आजवर कुणी शिकवलेलंच नसतं.

पहिल्या वर्षात विषय तीनच. शरीराची रचना सांगणारी ॲनाटॉमी, शरीराचं चालणं सांगणारी फिजिओलॉजी आणि पेशींतली रसायनं सांगणारी बायोकेमिस्ट्री. वैद्यकाचा सगळा पाया या तिघींवर उभा आहे. पण तीन हा आकडा फसवा आहे. २०६ हाडं, त्या प्रत्येकावरचे उंचवटे आणि खाचा, मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या, मणक्यांतून निघणाऱ्या ३१, शेकडो स्नायू आणि प्रत्येकाचा उगम, शेवट, काम. ही फक्त ॲनाटॉमीची वरवरची यादी झाली. पूर्वी या तीन विषयांना दीड वर्ष मिळायचं. १९९७ च्या नियमांनी ते वर्षावर आलं. २०१९ पासून अभ्यासक्रम नव्यानं आखला गेला, रुग्णाशी ओळख पहिल्या वर्षापासूनच व्हावी असा त्यात प्रयत्न आहे. पण वाचायचं काही कमी झालेलं नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, आणि पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत पार करावी लागते.

त्यात एक गोष्ट आणखी घडते आणि ती घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ही सगळी मुलं 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन आलेली असतात. १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दोन-दोन वर्षं त्यांनी जो सराव केला तो समोर दिसणाऱ्या चार उत्तरांतून बरोबरचं ओळखण्याचा. इथे आल्यावर समोर येतो कोरा कागद, किंवा परीक्षकांचा चेहरा. पर्याय नाहीत. ओळखायचं नाही, आठवायचं आहे. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी पहिल्या चाचणीत नापास होते आणि आपण इथे चुकून आलो असं तिला वाटू लागतं. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर अशी दोन-चार मुलं असतात. त्यांची बुद्धी रातोरात आटलेली नसते. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचा सराव त्यांना कधी मिळालेलाच नसतो.

विसरण्याचा शास्त्रीय हिशोब पहिल्यांदा मांडला तो हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं, १८८५ साली. त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि ठरावीक वेळानं किती उरलं ते मोजायचं. एक दिवस उलटला की पहिल्या मेहनतीतली जेमतेम एक तृतीयांश हाती उरलेली असायची. पुढे मात्र गळती मंदावायची. विसरण्याचा मोठा कडा पहिल्या काही तासांतच कोसळतो, हे त्यातून दिसलं. आणखी एक गोष्ट त्यानं नोंदवली होती: एकाच दिवशी घोटत बसण्यापेक्षा तेच पाठांतर काही दिवसांत विभागून केलं तर कमी आवर्तनांत काम होतं.

यापुढचा धडा अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आला. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. विद्यार्थ्यांना सूर्य किंवा समुद्री ऑटर अशा विषयांवरचे छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. आठवड्यानं तपासलं तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात, नुसतंच वाचत राहिलेल्यांना आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाटत होती.

वसतिगृहातल्या त्या रात्रीचं सगळं कोडं या आकड्यांत आहे. पान तिसऱ्यांदा वाचताना डोळे सहज सरकतात. शब्द ओळखीचे वाटतात, आणि ओळख झाली की 'येतंय' असं वाटतं. हा भास पाच मिनिटं टिकतो. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांना या संशोधनात नवल वाटायचं कारण नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं ओट्यावर परवचा म्हणायला बसत. बे एके बे पासून तीसापर्यंत, मग पावकी, निमकी, दिडकी. समोर पुस्तक नसे. अडखळलं की आजोबा मागून दुरुस्त करत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. रोज थोडं, पुस्तकाशिवाय, मोठ्यानं, चूक तिथल्या तिथे सुधारून. आजचे स्मृतिशास्त्रज्ञ अभ्यासाला ज्या अटी घालतात त्यातल्या बहुतेक त्या ओट्यावर पाळल्या जात होत्या. परवच्यात कमी होती ती अर्थाची. तेरा सत्ते एक्याण्णव का, हे कुणी विचारत नसे. वैद्यकात ते विचारल्याशिवाय चालत नाही.

म्हणजे नेमकं करायचं काय, हे एका उदाहरणानं पाहू. काखेत मज्जातंतूंचं एक जाळं असतं, ब्रेकियल प्लेक्सस. पहिल्या वर्षाच्या मुलांना घाम फोडणारा विषय. मानेच्या तळाशी कण्यातून पाच मुळं निघतात. वरच्या दोघांचा एक बुंधा होतो, मधलं एकटंच दुसरा बुंधा बनतं, खालच्या दोघांचा तिसरा. प्रत्येक बुंधा पुढच्या आणि मागच्या फाट्यात दुभंगतो. मागचे तिन्ही फाटे एकत्र येऊन मागचा दोर तयार होतो. पुढच्यांपैकी वरचे दोन मिळून बाहेरचा दोर, खालचा एकटा आतला दोर. या तीन दोरांतून हाताला जाणाऱ्या फांद्या फुटतात. पुस्तकात रंगीत चित्र असतं आणि ते पाहताना सगळं समजतं.

आता पुस्तक मिटायचं. कोरा कागद घ्यायचा. पाच रेघांपासून सुरुवात करून सगळं जाळं मनातून काढायचं. पहिल्या प्रयत्नात हात बहुधा फाट्यांपाशी अडतो. कुठला फाटा कुठे जातो ते आठवत नाही, आणि तिथे लगेच पुस्तक उघडायचा मोह होतो. तो आवरायचा. एक-दोन मिनिटं डोकं खाजवायचं, चुकीचं का होईना पण काढायचं, मग लाल पेनानं दुरुस्त करायचं. या दोन मिनिटांच्या ओढाताणीतच शिकणं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. चार दिवसांनी पुन्हा. चौथ्या-पाचव्या कागदावर लाल शाई जवळपास दिसत नाही. असे पाच कागद काढायला जितका वेळ लागतो तितकाच प्रकरण पाच वेळा वाचायला लागतो. पण ज्यानं कागद काढलेत त्याला वर्षभरानं वॉर्डात हाताचा पंजा लुळा लोंबणारा रुग्ण दिसला की मनातल्या चित्रावर बोट ठेवता येतं: मागचा दोर, रेडियल नर्व्ह, दंडाच्या हाडामागून वळसा घालते तिथे इजा. काखेत कुबडी चुकीच्या उंचीवर दाबून चालणाऱ्यालाही हीच नर्व्ह दुखावते, फक्त आणखी वर.

२०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती पुराव्याच्या कसोटीवर पारखल्या. सगळ्यात वरच्या श्रेणीत दोनच बसल्या, स्वतःची परीक्षा घेणं आणि उजळणी काळात विभागून करणं. पुन्हा वाचणं आणि खाली रेघा मारणं या दोन्ही सगळ्यात खालच्या श्रेणीत गेल्या. विद्यार्थ्यांच्या आवडत्या पद्धती नेमक्या याच.

विभागून म्हणजे किती दिवसांनी? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर हेही तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर पहिल्या वाचनानंतर एका दिवसानं केलेली उजळणी सगळ्यात फळली. परीक्षा ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांनी केलेली. आणि जवळपास वर्षभर लक्षात ठेवायचं असेल तर तीन आठवड्यांनी केलेली. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा गाठायचं, असा याचा अर्थ. ऑगस्टमध्ये शिकलेला हात थेट परीक्षेपूर्वीच्या रजेत, म्हणजे 'पीएल'मध्ये, उघडला तर तो नव्यानंच शिकावा लागतो. मग दीड महिन्यात सगळं शरीर नव्यानं शिकायची वेळ येते, आणि जागरणं तिथून सुरू होतात.

हे वेळापत्रक डोक्यात ठेवणं कठीण, म्हणून साधनं आली. सेबास्टियन लाइटनर या लेखकानं १९७२ मध्ये चिठ्ठ्यांच्या खोक्याची युक्ती सांगितली. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते. चुकलं की पहिल्या कप्प्यात, म्हणजे लवकर. २००६ साली आलेलं 'अंकी' हे सॉफ्टवेअर हेच काम मोबाइलवर करतं. जपानी भाषेत अंकी म्हणजे पाठांतर. जगभरचे वैद्यकाचे विद्यार्थी आज ते वापरतात, आपल्याकडचेही. एक धोका मात्र आहे. दुसऱ्यानं बनवलेल्या हजारो चिठ्ठ्या उतरवून घेतल्या तर अभ्यास म्हणजे तुकड्यांचा ढिगारा होतो. आपली चिठ्ठी आपण लिहिण्यातच अर्धा अभ्यास आहे.

लक्षात ठेवायच्या क्लृप्त्यांचंही तसंच. तानापिहिनिपाजा म्हणून इंद्रधनुष्याचे रंग पाठ केलेल्या मराठी मुलाला मनगटाच्या आठ हाडांसाठी 'शी लुक्स टू प्रिटी' लगेच जमतं. क्रम लक्षात ठेवायला अशा ओळी उत्तम. पण त्यातून क्रमच कळतो. स्कॅफॉइड हे त्यातलं पहिलं हाड, त्याला रक्तपुरवठा पलीकडच्या टोकाकडून होतो, म्हणून ते मधोमध मोडलं तर अलीकडचा, कोपराच्या दिशेचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. पालथ्या तळव्यावर पडलेल्या मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत हीच माहिती कामाची, आणि ती कुठल्याही ओळीत बसत नाही.

या सगळ्या खटाटोपात मेंदूत खरोखर काही बदलतं का? जर्मनीत वैद्यकाच्या मूलभूत विषयांची एक मोठी परीक्षा असते, फिजिकुम. बोग्दान द्रागान्स्की आणि सहकाऱ्यांनी त्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मेंदूंच्या प्रतिमा काढल्या, परीक्षेच्या तीन महिने आधी, परीक्षा संपल्या संपल्या आणि त्यानंतर तीन महिन्यांनी. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. अभ्यासाच्या काळात मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागातल्या काही ठिकाणचा करडा भाग वाढलेला दिसला. हिपोकॅम्पसमधली वाढ तर परीक्षेनंतरही चालू होती. हिपोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आत दडलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. नव्या आठवणी तयार व्हायला तो लागतोच. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला, आणि त्यानंतर त्याच्या मनात नव्या घटना टिकणंच बंद झालं. न्यूरोॲनाटॉमीच्या पुस्तकात विद्यार्थी हिपोकॅम्पसचं चित्र पाठ करतो तेव्हा ते काम त्याचा हिपोकॅम्पसच करत असतो.

आणि हे काम झोपेत पुढे सरकतं. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाठांतरानंतर झोपलेला माणूस जागं राहिलेल्यापेक्षा कमी विसरतो असं दिसलं, आणि नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी ते उचलून धरलं. परीक्षेच्या आदल्या रात्री न झोपता काढलेले सहा तास हा तोट्याचा व्यवहार आहे.

फिजिओलॉजीची उजळणी थोडी वेगळी. तिथे चित्रापेक्षा गोष्ट महत्त्वाची असते. आषाढीच्या वाटेवर एखादा वारकरी उन्हात चालतोय, घामाच्या धारा लागल्यात आणि पाणी प्यायला तो थांबलेला नाही. पुस्तक मिटून विद्यार्थ्यानं स्वतःला विचारावं, आता या माणसाच्या शरीरात काय चाललंय? घामावाटे पाणी आणि मीठ गेलं, रक्ताचं आकारमान घटलं, दाब उतरू लागला. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब मोजणारी टोकं आहेत, त्यांनी मेंदूला कळवलं. मेंदूनं नाडीचा वेग वाढवला, त्वचेच्या आणि आतड्यांच्या वाहिन्या आवळल्या, म्हणून हातपाय गार पडले. मूत्रपिंडांनी रेनिन सोडलं, त्यातून अँजिओटेन्सिन आणि मग अल्डोस्टेरॉन, म्हणजे मीठ राखा. मेंदूच्या तळाच्या पिट्यूटरी ग्रंथीतून पाणी राखणारं हॉर्मोन आलं, म्हणून लघवी कमी आणि गडद झाली. घसा कोरडा पडला, तहान लागली. पुस्तकात या गोष्टी हृदय, मूत्रपिंड आणि हॉर्मोन्स अशा तीन वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेल्या असतात. वारकऱ्याच्या शरीरात त्या एका तासात घडतात. ज्या विद्यार्थ्याला ही साखळी अखंड सांगता येते त्याची तीनही प्रकरणं एकदम उजळून निघतात. आणि पालखी मार्गावरच्या तंबूत त्याला सलाइन का लावायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

सगळ्यात रुक्ष समजली जाणारी बायोकेमिस्ट्री. अमायनो आम्लांचा तक्ता पाहून भलेभले कंटाळतात. पाण्याशी जमणारी इकडे, न जमणारी तिकडे. पण त्या तक्त्यातली एक अदलाबदल विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या कित्येक घरांत रोज दुखतेय. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिड हवं, ते पाण्याशी जमणारं. सिकल सेलच्या रुग्णात तिथे व्हॅलिन येतं, ते पाणी टाळणारं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून दांडके बनतात, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि मूल हाडांच्या वेदनेनं तळमळतं. १४६ पैकी एक. कंटाळवाण्या तक्त्यातलं 'इकडे' आणि 'तिकडे' यांतलं अंतर एवढं मोठं आहे. हे उदाहरण मनात ठेवून तक्ता पाठ केला तर तो विसरणं कठीण जातं.

प्रॅक्टिकलमध्ये बोटाला टोचून काचपट्टीवर स्वतःचा रक्तगट काढताना तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यानं जरा थांबायलाच हवं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की त्यांचं रक्त कुठल्याच गटाशी जुळेना. नेहमीच्या चाचणीत ते 'ओ' गटाचं दिसे, पण 'ओ' गटाचं रक्तही त्यांना चालत नव्हतं. ए आणि बी ही दोन्ही प्रतिजनं ज्या पायावर रचली जातात तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. हा शोध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्याला नाव मिळालं बॉम्बे ब्लड ग्रुप. भारतात सुमारे १० हजारांत एकाचा हा गट असतो. लंडन असो की टोकियो, वैद्यकाचे विद्यार्थी आज मुंबईचं नाव असलेला हा गट अभ्यासतात. आणि इथल्या मुलाला तो फक्त 'दोन मार्कांची टीप' म्हणून माहीत असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

मूलभूत विषयांची पाठांतरं खेड्यात काय करू शकतात, याचा दाखला रायगड जिल्ह्यातल्या महाडचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः मुलं, दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून काय घडतं ते टिपलं. दंशानंतर अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. हा सगळा सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा उद्रेक होता. पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजीत अल्फा आणि बीटा रिसेप्टरचा एक तक्ता असतो: अल्फा उत्तेजित झाले की वाहिन्या आवळतात. बावस्करांनी अल्फा रिसेप्टर अडवणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरली. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा ४० वरून १ च्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात महागडं यंत्र कुठेच नव्हतं. होतं ते बारीक निरीक्षण आणि ऐन वेळी डोक्यातून काढता आलेलं मूलभूत शास्त्र.

तरीही पहिल्या वर्षी शिकलेलं पुढे टिकतं का? पूर्ण नाही. नेदरलँड्सचे युजीन कुस्टर्स यांनी २०१० मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर वर्षभरानं दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश ज्ञान शिल्लक होतं, आणि त्यापुढच्या वर्षात ते निम्म्याच्या जरा खाली गेलं. म्हणून खऱ्या अर्थानं पहिलं वर्ष पहिल्या वर्षी संपत नाही. दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीत यकृत आलं की त्या संध्याकाळी ॲनाटॉमीतलं यकृत एकदा कोऱ्या कागदावर काढायला दहा मिनिटं पुरतात. पदव्युत्तर प्रवेशाच्या 'नीट-पीजी'त २०० प्रश्न असतात आणि त्यात हे तिन्ही विषय पुन्हा समोर येतात. पण परीक्षेचं सोडा, वॉर्डात तर ते रोजच येतात.

इथे एक विनंती मुलांना नाही, घरच्यांना आहे. परीक्षेपूर्वीच्या रजेत मुलगा किंवा मुलगी घरी येते, दार लावून घेते, आणि घर दबक्या पावलांनी चालू लागतं. टीव्ही बंद, पाहुणे बंद. एवढी शांतता गरजेची नाही. रात्री जेवण झाल्यावर आईनं, आजीनं, धाकट्या भावानं एक प्रश्न विचारावा. "कावीळ झाली की डोळे पिवळे का होतात गं?" मग तिला पुस्तकाशिवाय आणि इंग्रजी शब्दांच्या आडोशाशिवाय साध्या मराठीत सांगावं लागेल. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. यकृत त्याला विरघळण्याजोगं करून पित्तात सोडतं, ते आतड्यात जातं आणि शौचाला रंग येतो. यकृत आजारी पडलं, किंवा पित्ताची वाट खड्यानं अडली, की हे पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि आधी डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसतं. आजी मध्येच विचारेल, "मग शौचाला पांढरट का होते?" तिथे ती अडखळेल, आणि उत्तर शोधायला आत जाऊन पुस्तक उघडेल. ते उघडणं तिसऱ्या वाचनाहून किती तरी मोलाचं आहे. पाच वर्षांनी एखाद्या ग्रामीण रुग्णालयात घाबरलेल्या आईबापांना हीच गोष्ट तिला याच भाषेत समजावून सांगायची आहे. तेव्हा यंदाच्या रजेत तिला ती घरच्यांसमोर सांगू द्या, आणि ती सांगत असताना शेवटपर्यंत ऐका.